प्रौढ व्यक्ती आढळली नाही

काटेबाईंचं वजन त्रेचाळीस किलो दोनशे ग्रॅम होतं. हा आकडा अंदाजपंचे नव्हता. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्या एकोणीस वर्षं निरीक्षक होत्या, आणि कचेरीतला मोठा काटा सकाळी प्रमाण वजनं ठेवून तपासला की शेवटी त्या स्वतः त्यावर उभ्या राहून पाहत. काट्याखाली चिकटवलेलं चुंबक, ताटलीच्या बुडाला लावलेलं मेण, शिक्का मारून झाल्यावर हळूच सैल केलेला स्क्रू, असली सगळी हातचलाखी त्यांनी पाहून घेतली होती. अंगाने काटकुळ्या आणि बोलायला टोचणाऱ्या, म्हणून बाजाराने त्यांना काटेबाई म्हणायला सुरुवात केली. ते नाव बाजारातून कचेरीत आलं, कचेरीतून घरी आलं, आणि आता सासूबाईसुद्धा चिडल्या की त्याच नावाने हाक मारत.

गाडी घेतली ती मास्तरांच्या हौसेने. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे आणि छापील कागदावर त्यांचा भारी विश्वास. गाडीची गुळगुळीत रंगीत पत्रिका त्यांनी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवली होती.

"सहा एअरबॅग आहेत. सगळ्या बाजूंनी."

"म्हणजे गाडी आदळली की फुगे फुटतात, ते?" सासूबाईंनी विचारलं.

"फुटत नाहीत आई, फुगतात."

"मग फुगेच की."

पहिल्याच रविवारी बाई पुढे मास्तरांशेजारी बसल्या, पट्टा लावला आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी येते न येते तोच समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला. बसलेल्या माणसाचं चित्र, त्याच्या पोटापुढे एक गोळा आणि त्यावर तिरकी रेघ. बाईंनी कप्प्यातून पुस्तिका काढली आणि पुढचा अर्धा तास बाहेर न बघता ती वाचली. पुढच्या आसनावर लहान मूल असेल तर फुगणारी एअरबॅग त्यालाच इजा करते. म्हणून आसनाच्या गादीत एक वजन ओळखणारा सेन्सर बसवलेला असतो. छत्तीस किलोंच्या खाली वजन भरलं तर तो समोरची एअरबॅग बंद ठेवतो आणि दिवा लावतो. छत्तीसच्या वर असेल तर एअरबॅग चालू, दिवा बंद.

"मी सात किलो दोनशे ग्रॅमनी वर आहे," बाई म्हणाल्या.

"नवीन गाडी आहे. रुळेल हळूहळू," मास्तर म्हणाले.

"काटा रुळत नसतो. तो बरोबर असतो नाहीतर चूक असतो."

घरी आल्यावर बाईंनी सासूबाईंना पुढे बसवून पाहिलं. सासूबाईंचे गुडघे नीट वळत नसत. मागच्या आसनावर त्यांचे पाय मावत नसत, म्हणून गाडीतली पुढची जागा खरं तर त्यांचीच. वय बहात्तर, वजन एकेचाळीस किलो. दिवा लागला. मग मास्तर बसले, दिवा विझला. बाई पुन्हा बसल्या. या खेपेला दिवा आधी विझला, आणि बाई दाराकडे जराशा कलल्या तसा परत लागला.

बाईंना एवढं पुरे होतं. काट्याच्या मधोमध वजन ठेवलं की बरोबर दाखवतो आणि कोपऱ्यात सरकवलं की कमी दाखवतो, असा काटा त्यांनी दुकानात पाहिला असता तर तिथल्या तिथे जप्त केला असता.

सर्व्हिस सेंटरात काचेचं मोठं दालन होतं, फरशी इतकी चकचकीत की चालताना आपलेच तळवे दिसावेत. तिथे गिऱ्हाइकांशी बोलायला एक तरुण नेमला होता. त्याच्या टायची गाठ त्याच्या हनुवटीएवढी मोठी होती, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्याला टायवाला म्हणायला सुरुवात केली. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणजे मान हलवली आणि ऐकलं नाही. मग तो स्वतः पुढच्या आसनावर जाऊन ऐसपैस बसला. ऐंशी किलोंचा ऐवज. दिवा विझला.

"बघा मॅडम. एकदम ओके."

"तुम्ही बसल्यावर विझतो हे मला माहीत आहे. मी बसल्यावर विझत नाही, अशी तक्रार आहे."

"कॉम्प्युटरला लावून बघतो ना."

कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटर म्हणाला की दोष नाही. टायवाल्याने कागद छापून दिला. त्यावर हिरव्या अक्षरांत तेच होतं, आणि मास्तरांनी तो कागद शाळेच्या प्रमाणपत्रासारखा जपून घडी घालून खिशात ठेवला.

"ज्या काट्यात खोट आहे त्यालाच विचारायचं की बाबा तुझ्यात खोट आहे का," बाई परतताना म्हणाल्या. "हे मला एकोणीस वर्षांत कधी सुचलं नाही. किती सोपं झालं असतं माझं काम."

दुसऱ्या खेपेला टायवाल्याने दोष आसनाच्या कव्हरावर ढकलला. कव्हर त्यांच्याच दालनातून, त्यानेच गळ्यात मारलेलं. ते काढलं. दिवा लागायचा तो लागतच राहिला. तिसऱ्या खेपेला तो जरा वैतागला होता. शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याकडे पाहून त्याने डोळा बारीक केला आणि म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, तुम्ही थोडं वजनच वाढवा. तब्येतीलाही बरं."

सोबती हसला. मास्तरही हसले. सवयीने हसले, पण हसले.

"किती वाढवू?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"अं?"

"किती वाढवू ते सांगा. तुमच्या पुस्तिकेत छत्तीस लिहिलंय. मी त्रेचाळीस आहे. पन्नास करू? पंचावन्न? तुमच्या गादीला किती लागतात तेवढे लिहून द्या, खाली सही करा. मी लागते खायला."

टायवाल्याने काही लिहून दिलं नाही. उलट बाहेर सोडायला आला तेव्हा त्याने हळूच एक युक्ती सांगितली, की बसताना मांडीवर एखादी जड पिशवी ठेवा. म्हणजे एवढा तो कारखाना, एवढे ते इंजिनिअर, आणि शेवटी जीव वाचवायचा तो पिशवीच्या भरवशावर. बाईंनी त्याच्याकडे जे पाहिलं, ते भल्याभल्या घाऊक व्यापाऱ्यांना सोसलेलं नव्हतं. पण टायवाल्याला त्याचं काही वाटलं नाही. लाज वाटायलाही थोडी बुद्धी लागते.

त्यानंतर बाई मागे बसू लागल्या. सासूबाईंना मात्र मागे बसता येईना. त्या पुढे बसत आणि पिवळा दिवा रस्ताभर त्यांच्याकडे बघत राही. कधी त्या कुरकुरत, "हे डोळ्यांत जातं रे माझ्या." मास्तर आईचे लाडके. एके दिवशी शाळेतून येताना त्यांनी काळी चिकटपट्टी आणली, बोटभर तुकडा कापला आणि नकाशावर नाव चिकटवावं तितक्या सफाईने दिव्यावर चिकटवला.

बाईंना तो दुसऱ्या दिवशी दिसला.

"हे काय?"

"आईच्या डोळ्यांना त्रास होत होता."

"मग दिवा लागण्याचं कारण काढायचं की दिवा झाकायचा?"

"तीन वेळा जाऊन आलो ना? कॉम्प्युटर म्हणतोय दोष नाही. आणखी काय करायचं मी? नुसता दिवा आहे गं तो. मी काय गाडी ठोकत फिरतो?"

यावर बाई बऱ्याच काही बोलल्या. ते सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही. मास्तरांना ते पाठ आहे. पण चिकटपट्टी जिथल्या तिथे राहिली, आणि तशी ती राहू दिल्याबद्दल बाईंनी स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. दुसऱ्याच्या दुकानात त्यांनी हे चालवून घेतलं नसतं. घरात चालवून घेतलं.

महिनाभराने मास्तर आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले होते. सकाळचे साडेदहा वाजलेले, लख्ख ऊन, रस्ता मोकळा. पुढे सामान पोचवणारी एक व्हॅन चालली होती. ती वळणापाशी एकाएकी थांबली. मास्तरांनी ब्रेक दाबला, पण गाडी जाऊन धडकलीच. फार जोरात नाही. व्हॅनचा चालक उतरून स्वतःच्या पायांनी चालत आला. मास्तरांसमोरची एअरबॅग फुगली, त्यांचा चष्मा फुटला आणि नाकाला खरचटलं. बस, एवढंच.

सासूबाईंसमोर काही फुगलं नाही. त्या ठेंगण्या, म्हणून त्यांचं आसन पुढे ओढलेलं असायचं. पट्ट्याने त्यांना धरलं खरं, पण धरता धरता गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि उजवा खांदा समोरच्या फळीवर आपटून त्याच्या हाडाचे तीन तुकडे झाले. कपाळाला सात टाके. पुढचे दोन दात, जे बहात्तराव्या वर्षीही त्यांचे स्वतःचे होते आणि ज्यांचा त्यांना गर्व होता, ते गेले.

बाई कचेरीतून थेट इस्पितळात पोचल्या तेव्हा मास्तर बाकावर बसले होते. चष्म्याविना त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. बाईंना पाहून ते उभे राहिले.

"माझ्यापुढे उघडली," ते म्हणाले. "माझ्यापुढे उघडली आणि आईपुढे..."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मास्तरांच्या शर्टावर एअरबॅगची पांढरी भुकटी उडाली होती, ती त्यांनी हाताने झटकली, पुन्हा झटकली, आणि मग आत सासूबाईंकडे गेल्या.

खांद्यात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले. अकराव्या दिवशी सासूबाई घरी आल्या. बाईंनी गाडीच्या कंपनीला पत्र लिहिलं. तीन भेटींच्या तारखा, हिरव्या अक्षरांचा कागद, सगळं जोडलं. चिकटपट्टीचंही लिहिलं, लपवलं नाही. तीन आठवड्यांनी जाड कागदावर उत्तर आलं. पहिल्या परिच्छेदात सहानुभूती होती. दुसऱ्यात कंपनीचा सुरक्षिततेबद्दलचा कळवळा होता. तिसऱ्यात मुद्दा होता: गाडीतल्या नोंदींवरून असं दिसतं की अपघाताच्या वेळी पुढच्या आसनावर प्रौढ व्यक्ती आढळली नाही, सबब एअरबॅग बंद ठेवण्याचा यंत्रणेचा निर्णय योग्य होता.

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. सासूबाई उशांना टेकून, हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. दोन दात गेल्यामुळे त्यांचं बोलणं जरा फुसफुसत होतं.

"प्रौढ व्यक्ती म्हणजे?"

"म्हणजे मोठं माणूस, आई."

"आढळलं नाही?"

"नाही."

सासूबाईंनी जरा विचार केला. "तीन बाळंतपणं झाली माझी," त्या म्हणाल्या. "नवरा पोचवला. सरकार मला म्हातारपणाचं पेन्शन देतं. या लोकांना म्हणावं, मग मला शाळेत तरी घाला."

मास्तर दाराशी उभे होते. ते हसले नाहीत.

त्याच संध्याकाळी बाईंनी दुसरं पत्र लिहिलं. त्यात सहानुभूती वगैरे नव्हती. त्यांनी लिहिलं की अमुक दिवशी सकाळी दहा वाजता मी तुमच्या सर्व्हिस सेंटरात येणार आहे, आमची गाडी तिथेच पडून आहे, तिचं पुढचं आसन शाबूत आहे, आणि त्या आसनाची मी लोकांदेखत चाचणी करणार आहे. तुमचा जाणता माणूस पाठवा. नाही पाठवलात तर तो आला नाही अशी नोंद करून चाचणी होईल. पत्राखाली त्यांनी हुद्दा लिहिला नाही. ते काम त्यांच्या खात्याच्या अखत्यारीत येत नव्हतं आणि खोटा रुबाब मिरवायची त्यांना किळस होती. नाव लिहिलं आणि कंसात 'वजन ४३.२ किलो' एवढंच.

कंपनीने माणूस पाठवला. चाळिशीतला इंजिनिअर, टाय नसलेला, बोटांवर काळे डाग. त्याला पाहून बाईंचं मत किंचित सुधारलं. टायवाला त्याच्या मागेमागे होता आणि सारखा 'सर, सर' करत होता.

बाईंनी सोबत पाच-पाच किलो कोरड्या वाळूच्या पिशव्या आणल्या होत्या, प्रत्येकीवर वजनाची चिठ्ठी शिवलेली. इंजिनिअरने त्या पाहिल्या आणि मान हलवली.

"पिशव्या चालणार नाहीत, मॅडम. पिशवी दगडासारखी एका जागी बसते. माणसाचं वजन पसरतं, पाय जमिनीवर टेकतात, पाठीकडे थोडं जातं. गादीला ते वेगळं दिसतं."

हा मुद्दा खरा होता. खरा मुद्दा समोर आला की बाई वाद घालत नसत.

"बरोबर. मग माणसंच बसवू," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे वजनकाटा आहे?"

सुट्या भागांच्या गोदामात होता. लोखंडी, प्लॅटफॉर्मचा, खोकी तोलायचा. टायवाल्याने मोठ्या तोऱ्यात तिकडे नेलं. बाईंनी आपल्या वाळूच्या आठ पिशव्या त्यावर रचल्या, चाळीस किलो. काट्याने चाळीस किलो सहाशे दाखवले. बाई खाली वाकल्या, बाजूची शिक्क्याची पट्टी पाहिली, पुन्हा उभ्या राहिल्या.

"याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलीय."

"हा आम्ही आतल्या कामालाच वापरतो, मॅडम," टायवाला घाईने म्हणाला.

"आतल्या कामाला चाळीस किलोंचे चाळीस किलो सहाशे ग्रॅम होतात का? हा मात्र माझ्या खात्याचा विषय आहे. आज मी इथे गिऱ्हाईक म्हणून आले आहे, म्हणून हात लावत नाही. उद्या माझा सहकारी येईल, त्याला चहा विचारू नका, तो घेत नाही." मग त्या इंजिनिअरकडे वळल्या. "सहाशे ग्रॅम वजा करून धरू. तुमच्या फायद्याचं की तोट्याचं ते तुम्ही ठरवा."

इंजिनिअर पहिल्यांदाच हसला आणि त्याने खिशातून वही काढली.

आधी बाई त्यांच्या गाडीत बसल्या. सरळ, पाठ टेकून. दिवा विझायला अकरा सेकंद लागले. दाराकडे कलल्या, दिवा लागला. आसन पुढे ओढून बसल्या, जसं सासूबाई बसत, तेव्हा दिवा लागला तो लागलाच, विझेना. इंजिनिअर प्रत्येक आकडा लिहीत होता. टायवाला म्हणाला, "सर, ही गाडी ठोकलेली आहे. त्याने काही बिघडलं असेल."

"असेल ना," बाई म्हणाल्या. "मग न ठोकलेली घ्या."

दालनात त्याच जातीची कोरी गाडी उभी होती, आसनांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. इंजिनिअरने टायवाल्याला किल्ली आणायला सांगितली. प्लास्टिक काढलं. बाई बसल्या, आसन पुढे ओढलं. दिवा लागला.

आता दालनातली माणसं जमू लागली होती. गाडी दुरुस्तीला टाकून बसलेल्या एक दातांच्या डॉक्टरीण होत्या, बाईंहून थोड्याच भरलेल्या. त्या आपणहून पुढे आल्या. काट्यावर अठ्ठेचाळीस. त्या बसल्या, दिवा विझला. आसन पुढे ओढून दाराशी कलल्या, दिवा लागला.

"माझ्याकडे हीच गाडी आहे," डॉक्टरीण म्हणाल्या. "माझ्या गाडीत हा दिवा नेहमी लागतो. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले की तो पट्ट्याचा दिवा आहे."

'हे' म्हणजे कोण, ते बोट दाखवून सांगावं लागलं नाही.

मग इंजिनिअरची नजर दाराजवळच्या टेबलामागे बसणाऱ्या मुलीवर पडली. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहून घेणं हे तिचं काम. तिने टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्याने मानेने नको म्हटलं. ती उठली आणि काट्यावर जाऊन उभी राहिली. सेहेचाळीस. ती गाडीत नेहमीसारखी बसली, मुद्दाम काही न करता, आणि पिवळा दिवा लागला तो तसाच जळत राहिला.

"रोज गिऱ्हाइकांना चक्कर मारून दाखवायला मला याच जातीच्या गाडीत पुढे बसवतात," ती कोणालाही उद्देशून न बोलल्यासारखी म्हणाली.

इंजिनिअरने वही मिटली.

"आम्ही चाचण्या घेतो तेव्हा आसन मधल्या खाचेवर असतं," तो म्हणाला. "आणि बसवायचा पुतळा सरळ बसतो."

"पुतळ्याचे गुडघे दुखत नाहीत," बाई म्हणाल्या.

त्यांनी आपल्या हस्ताक्षरात चाचणीचा कागद तयार केला. दुकानदारांना देतात तसाच: कोण बसलं, वजन किती, आसन कुठे, दिवा काय. शेवटी शेरा, 'नापास'. खाली त्यांची सही, डॉक्टरीणबाईंची, त्या मुलीची. इंजिनिअरने क्षणभर पेन हातात धरलं.

"सर, हेड ऑफिसला विचारून..." टायवाला म्हणाला.

"मी आकडे स्वतः लिहिलेत," इंजिनिअर म्हणाला आणि त्याने सही केली.

टायवाल्याला कोणी सही मागितली नाही. त्याची साक्ष कोणाच्या उपयोगाची नव्हती.

पुढे जे झालं ते कंपनीला शोभेल असंच झालं. दोन महिने काखा वर. त्या दोन महिन्यांत डॉक्टरीणबाईंनी आपल्या ओळखीच्या चौघीजणी शोधल्या. सगळ्या हाडकुळ्या, सगळ्यांच्या गाडीत तोच दिवा. पत्रं गेली. वाहनांच्या सुरक्षिततेचं जे सरकारी कार्यालय होतं, तिथे बाईंनी चाचणीच्या कागदाची प्रत स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतल्याशिवाय त्या खिडकीसमोरून हलल्या नाहीत. मग एके दिवशी त्या जातीच्या सगळ्या गाड्यांच्या मालकांना पत्र आलं: 'प्रवाशांच्या वाढीव आरामासाठी' पुढच्या आसनाची गादी विनामूल्य बदलून मिळेल. आरामासाठी. दोष, चूक, सेन्सर, यातला एकही शब्द त्या दोन पानांत नव्हता. पत्राबरोबर पुस्तिकेत चिकटवायला एक नवीन पानही होतं. त्यावर एक वाक्य जाड ठशात: लहान चणीच्या व्यक्तींनी शक्यतो मागील आसनावर बसावे.

"म्हणजे गादी बदलली ती आपल्यासाठी, आणि बसायचं नाही तेही आपणच," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी ते पान चिकटवलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर कचेरीतले काही हिशेब केले आणि टाकून दिलं.

इंजिनिअरचा एकदा फोन आला. त्याला चाचण्यांच्या विभागातून काढून दुसऱ्या गावच्या गोदामावर नेमलं होतं. तो तक्रार करत नव्हता. त्याला चाचणीच्या कागदाची प्रत हवी होती. त्याच्या जागी आलेल्या नव्या इंजिनिअरबाई ती मागत होत्या आणि कंपनीच्या कपाटात ती सापडत नव्हती.

"सापडणार नाही," बाई म्हणाल्या. "मी पाठवते. दोन पाठवते, एक तुमच्याजवळ ठेवा."

टायवाला मात्र बढती मिळून शहरातल्या मोठ्या दालनात गेला, असं टेबलावरच्या मुलीकडून कळलं. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही.

दुरुस्त झालेली गाडी मास्तरांनी घरी आणली तेव्हा सासूबाई खाली आल्या, नव्या गादीवर बसल्या, आसन पुढे ओढायला लावलं, दाराकडे कलल्या, पिशवी मांडीवरून खाली ठेवली. दिवा लागला नाही. मग त्या उतरल्या, मागचं दार उघडायला लावलं आणि पाय आडवे टाकून अख्खं मागचं आसन अडवून बसल्या. तेव्हापासून त्या तिथेच बसतात. मास्तरांनी एकदा म्हणून पाहिलं, "आई, आता पुढे चालेल." त्या म्हणाल्या, "तू चालव. बोलू नकोस."

खांदा जुळला, पण पुरता नाही. उजवा हात खांद्याच्या उंचीपर्यंत येतो आणि तिथेच अडतो. घास तोंडात जातो, पदर सावरता येतो. पण केस विंचरता येत नाहीत, आणि सासूबाईंचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. पहिले काही दिवस बाईंनी विंचरून दिले. मग एका सकाळी त्या कचेरीला निघायच्या घाईत होत्या, तेव्हा मास्तरांनी त्यांच्या हातातून फणी घेतली. बाईंनी दिली.

आता रोज सकाळी शाळेला जाण्याआधी मास्तर आईच्या मागे स्टुलावर बसतात. पहिल्यांदा फार ओढलं जायचं. हल्ली जरा जमतं. वेणी अजून सैल येते, भांग वाकडा निघतो.

"जन्मभर पोरांना रेखांश शिकवलेस," सासूबाई म्हणतात, "आणि तुला टाळूवर एक रेघ सरळ काढता येत नाही. मोड आणि पुन्हा घाल."

मास्तर मोडतात आणि पुन्हा घालतात. स्वयंपाकघरात डबा भरता भरता बाईंना हे सगळं ऐकू येत असतं. कधी उशीर होत असला, तरी त्या मधे पडत नाहीत.